रोलरच्या तोंडाशी

वझ्यांनी दुकानदाराचं मनगट धरलं ते इतक्या जोरात, की काउंटरवरचा चहाचा ग्लास कलंडला. दुकानदाराचा अंगठा कॅमेऱ्याच्या बाजूच्या खटक्यावर होता. खटका दाबला असता तर पुढचं झाकण उघडलं असतं, आतल्या फिल्मवर भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतलं भर दुपारचं ऊन पडलं असतं आणि सगळा कारभार तिथंच आटोपला असता.

“खोलना नहीं है,” वझे म्हणाले.

दुकानदार भला माणूस होता, पण भल्या माणसालाही मनगट पिरगाळून घ्यायला आवडत नाही. खोलायचा नाही तर दुरुस्त काय मंत्र म्हणून करू, असं त्यानं विचारलं. हा असला जुना झटपट फोटोचा कॅमेरा त्यानं आयुष्यात दोनदा पाहिला होता. अडकलेला फोटो ओढून काढायचा, रोलर पुसायचे, तेलाचा थेंब सोडायचा, एवढं त्याला ठाऊक. त्यातून त्या एका फोटोचीच इतकी काळजी असेल तर ज्याचा फोटो आहे त्याला घेऊन या, साध्या कॅमेऱ्यानं दुसरा काढून देतो, असंही तो म्हणाला.

वझ्यांनी सांडलेला चहा स्वतःच्या रुमालानं पुसला, कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि ते पायरी उतरले. हे तिसरं दुकान होतं. ज्याचा फोटो होता त्याला घेऊन येता आलं असतं, तर हा माणूस कशाला असा दारोदार फिरला असता?

रवींद्रला घरातून जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

नरहर वझे एकतीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून भोपाळच्या कारखान्यात लागले. मापयंत्रं दुरुस्त करायच्या विभागात ते मेकॅनिक होते. दाबाच्या घड्याळाचा काटा केसभर सरकला की पलीकडच्या शॉपमधले इंजिनिअर ते घड्याळ खाली पाठवत आणि सोबत निरोप असे की वझेजींनाच दाखवा. त्याचा वझ्यांना अभिमान होता, आणि अभिमान असावा असंच त्यांचं काम होतं. फक्त एक खोड होती. यंत्र आपण होऊन बिघडत नाही, कुणीतरी ते बिघडवतं, असं त्यांचं पक्कं मत होतं, आणि बिघडवणारा कोण हे शोधल्याशिवाय त्यांचा हात पेचकसाकडे जात नसे.

रवींद्र हा त्यांचा एकुलता एक मुलगा, वय चोवीस. कारखान्याच्या अप्रेंटिसच्या निवडीत तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा त्यानं अर्जच केला नाही. मग तो सोनागिरी वस्तीच्या बाजूच्या, कारखान्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मागच्या व्हरांड्यात बसून राहू लागला. दाढी वाढली, गालफडं बसली, अंगावरचं मांस कुठं गेलं कोण जाणे. बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. वझे बायकोला म्हणत, त्याला सांग. रवी आईला म्हणे, बाबांना सांग. शशिकलाबाई मध्ये बसून दोन वर्षं हे निरोप इकडून तिकडे पोचवत होत्या आणि पोचवता पोचवता त्यातले कडू शब्द गाळत होत्या.

दसऱ्याला मात्र नवल घडलं. रवीनं न सांगता आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि आपट्याची पानं घेऊन तो बाहेरच्या खोलीत आला. शशिकलाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी कपाटात साड्यांखाली जपून ठेवलेलं फिल्मचं शेवटचं पाकीट काढलं. हा कॅमेरा त्यांच्या भावानं, प्रभाकरनं, कुवेतहून आणला होता. फिल्म इथं मिळायची नाही, म्हणून ते एक पाकीट त्यांनी रवीच्या लग्नासाठी राखलं होतं. त्याची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती, पण ते कोण बघतो? पाकीट आत सरकवलं, झाकण लावलं, वरचं काळं पुठ्ठ्याचं पान कण्हत कण्हत बाहेर आलं. रवी पानं हातात धरून उभा राहिला. शशिकलाबाईंना कुठल्या भोकाला डोळा लावायचा ते समजेना. त्यांची ती धडपड बघून रवी हसला, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी बटण दाबलं. कॅमेरा घरघरला आणि गप्प झाला. फोटो काही बाहेर आला नाही.

रवी पुढं झाला. “बाबा, मी बघू?” म्हणाला. दोन वर्षांत तो पहिल्यांदा बापाशी थेट बोलला होता.

“तू हात लावू नकोस,” वझे म्हणाले. “तूच काल काहीतरी केलं असशील. तुझा हात लागला की एक वस्तू धड राहत नाही.”

रवीनं पानं टीपॉयवर ठेवली आणि तो आत गेला. चौथ्या दिवशी सकाळी त्याची खाट रिकामी होती. खुंटीवर पांढरा शर्ट नव्हता आणि दाराशी चपला नव्हत्या.

पहिले दोन दिवस ओळखीपाळखीच्या घरी चौकशा झाल्या. मग वझे पोलीस ठाण्यात गेले. तिथला मुन्शी, म्हणजे तक्रारी लिहून घेणारा हवालदार, वयानं त्यांच्याच आसपासचा होता. त्यानं फोटो मागितला. वझ्यांनी पाच वर्षांपूर्वी अर्जासाठी काढलेला, गोल गालांचा, गुळगुळीत दाढीचा फोटो पुढं केला आणि रवी आता कसा दिसतो ते सांगायला लागले. ऐकता ऐकता मुन्शीनं फोटो बाजूला सारला. हा तर दुसराच मुलगा झाला, म्हणाला. हा फोटो इटारसीला, बीनाला, झाशीला पाठवला तर लोक भलत्यालाच पकडून आणतील. ताजा फोटो आणा. मग त्यानं पुढचा रकाना विचारला, घर सोडण्याचं कारण काय? वझे म्हणाले, माहीत नाही. मुन्शीनं ‘अज्ञात’ लिहिलं.

ताजा फोटो कुठून आणायचा? दोन वर्षांत रवीनं कुणाला फोटो काढू दिलाच नव्हता. नवराबायको बसून आठवू लागले आणि शशिकलाबाईंना एकदम आठवलं. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि कॅमेऱ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “अहो, तो यात आहे.”

वझ्यांनी कॅमेरा भिंगाखाली धरून पाहिला. अशा फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची एक पिशवी असते. बटण दाबलं की कॅमेऱ्यातला एक छोटा हूक फोटोला पुढं ढकलतो, दोन पोलादी रोलर त्या पट्टीला चेंगरतात, पिशवी फुटते, रसायन फोटोभर पसरतं आणि चित्र उमटतं. बाहेरच्या फटीत पांढरी कड दिसत नव्हती. याचा अर्थ फोटो रोलरच्या तोंडाशी जाऊन थांबला होता, पिशवी फुटली नव्हती. रवी आत जसाच्या तसा होता, फक्त उमटायचा होता. पण उजेडाचा एक कवडसा पडला तरी तो गेला. आणि मुदत संपलेल्या पिशवीतलं रसायन रोज थोडं थोडं वाळत होतं. शशिकलाबाई एकच म्हणत होत्या, की माझंच बटण चुकलं, मीच जोरानं दाबलं.

तीन दुकानं झाली आणि वझ्यांना काशिनाथ ढोबळे आठवला. खरं तर तो आधीच आठवला होता. त्याच्याकडे जायचं धैर्य होत नव्हतं. काशिनाथ अमरावतीचा. कारखान्यात वेल्डिंगचे जोड क्ष-किरणांनी तपासतात, त्या विभागात तो होता. तिथं त्या फिल्म धुवायला एक अंधारी खोली होती. भोपाळमध्ये इतका पक्का अंधार, हत्यारं मावतील एवढं टेबल आणि बाहेर राखण करायला भरवशाचा माणूस आणखी कुठं मिळणार? अडचण एकच होती. कारखान्यात कॅमेरा न्यायला सक्त मनाई होती. गेटवर सापडला तर चौकशी, निलंबन, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. एकतीस वर्षांत ज्यानं कारखान्यातला एक वॉशर खिशात घालून नेला नाही, तो माणूस आता चोरून कॅमेरा आत नेणार होता.

काशिनाथला त्यांनी सायकल स्टँडवर गाठलं. सगळं सांगितलं, दसऱ्याला रवीला काय बोलले ते तेवढं सांगितलं नाही. काशिनाथ बराच वेळ चेन पुसत राहिला. मग म्हणाला, की जेवणाच्या सुट्टीत विभागात कुणी नसतं, अर्धा तास मिळेल. सापडलो तर दोघंही जाऊ, हेही त्यानं सांगून ठेवलं.

कॅमेरा दुमडला की जाड पुस्तकाएवढा व्हायचा. दुसऱ्या दिवशी वझ्यांनी तो पिशवीच्या तळाशी ठेवला, वर डबा, डब्यावर वर्तमानपत्र. गेटवरचा जवान पुढच्या माणसाची पिशवी उलटीपालटी करत होता. वझ्यांची पाळी आली. जवानानं त्यांना पाहिलं, हसून नमस्कार केला आणि हातानं पुढं जायची खूण केली. वझेजींची पिशवी तपासायची असते हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्या नमस्कारानं वझ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ते थांबले नाहीत.

साडेबाराला काशिनाथनं अंधाऱ्या खोलीचं दार लावून घेतलं. वझ्यांनी टेबलावर हत्यारं डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडली: पेचकस, चिमटा, ब्रश, स्पिरिटचा बोळा. खोलीतला लाल दिवाही घालवायला सांगितला, कारण क्ष-किरणांच्या फिल्मला लाल उजेड चालतो, या फिल्मला तोही चालत नाही. काशिनाथ दिवा घालवून बाहेर गेला आणि पडदा ओढून दाराला पाठ लावून उभा राहिला. आत डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच होतं.

वझ्यांनी खटका दाबला. झाकण खाली पडलं. त्यांची बोटं आत गेली तशी एकतीस वर्षांची सवय जागी झाली. रोलर गुळगुळीत होते, वाकलेले नव्हते. फोटोची कड हाताला लागली, थंड, सरळ, जागच्या जागी. मग दात्यांची चाकं. एकामागून एक त्यांनी नखानं चाचपली. पहिलं हललं. दुसरं हललं. तिसरं आणि चौथं यांच्या मध्ये काहीतरी कठीण रुतून बसलं होतं. स्क्रू सुटला असेल, असं त्यांना वाटलं. रवीनं खोलून पुन्हा बसवताना सोडला असेल, हेही वाटलं. अगदी तेव्हासुद्धा वाटलं! त्यांनी चिमट्यानं तो पदार्थ धरला, हलवून हलवून सोडवला आणि तळहातावर घेतला.

स्क्रू नव्हता. लांबट होतं, एका टोकाला तुटलेलं, आणि बोटांत फिरवल्यावर खरखरीत लागत होतं. तांदळाचा दाणा होता. ती खरखर वाळलेल्या कुंकवाची होती.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा सगळेच करतात. पण वझ्यांची आपली एक रीत होती. बाहेरून हळदकुंकू लावून भागत नाही, यंत्राच्या आत एक अक्षत पडली पाहिजे, असं ते म्हणत. म्हणून ते प्रत्येक यंत्राचं झाकण उघडत, आत एक दाणा टाकत, हात जोडत आणि मग चिमट्यानं तो दाणा काढून वाटीत ठेवत. टाकला की काढायचा, यात कधी चूक नाही. त्या नवमीला मायक्रोमीटर झाला, शिलाईमशीन झालं, मिक्सर झाला, आणि शेवटी कॅमेऱ्यात दाणा टाकला तोच शेजारचे तिवारीजी दारात आले. वझे उठले. त्यांच्याशी बोलले. परत आले आणि कॅमेऱ्याचं झाकण लावून मोकळे झाले.

रवीनं कॅमेऱ्याला बोट लावलं नव्हतं.

वझे त्या अंधारात खाली बसले. काय करावं ते त्यांना सुचेना. ओरडावंसं वाटत होतं, आणि बाहेर काशिनाथ उभा होता. त्यांनी मूठ तोंडात घातली आणि ते तसेच बसून राहिले. बाहेरून काशिनाथनं हळूच विचारलं, भाऊ, झालं का? मग त्यांना आठवलं की रसायन वाळतंय, आणि ते उठले.

झाकण लावलं. फिल्मच्या पाकिटातच बसवलेली बॅटरी जोर लावून लावून केव्हाच संपली होती, त्यामुळं मोटार फिरणार नव्हती. त्यांनी बाजूचे दोन स्क्रू काढले, पत्रा उचलला आणि चाकावर अंगठा ठेवला. आता ते हातानं फिरवायचं होतं. एका गतीनं फिरवायचं, थांबायचं नाही, कारण थांबलं की तिथंच रसायनाचा पट्टा पडतो. त्यांनी अंगठा शर्टला पुसला आणि चाक फिरवलं. पिशवी फुटल्याचं अंगठ्याला समजलं. आधी अडल्यासारखं झालं आणि मग मऊ चाललं. अर्ध्यापर्यंत ते मऊपण होतं. पुढं चाक हलकं झालं, कोरडं. वझ्यांना ते लागलीच कळलं, पण आता करण्यासारखं काही नव्हतं. ते फिरवत राहिले आणि फोटो त्यांच्या डाव्या हातात आला.

असल्या फोटोला ऊब लागते. त्यांनी तो बनियनच्या आत पोटाशी धरला आणि मनाशी तीनशेपर्यंत आकडे मोजले. मग काशिनाथला हाक मारली. त्यानं दिवा लावला.

खाली पांढरा शर्ट उमटला होता. आपट्याची पानं धरलेला हात होता. शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं, गळ्याशी वर आलेली हाडं, दाढी, आणि दाढीत उघडलेलं, हसणारं तोंड. नाकाच्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ होतं. तिथं एक वाकडी तपकिरी रेघ होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. डोळे नव्हते, कपाळ नव्हतं.

काशिनाथनं फोटो हातात घेतला नाही, नुसता वाकून पाहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, “हासून राह्यला भाऊ तो.”

वझ्यांनी मान हलवली. सुटी संपायला आली होती. कॅमेऱ्याचं काय करायचं, संध्याकाळी गेटवर तर पिशव्या जास्त तपासतात, असं काशिनाथनं विचारलं. वझे म्हणाले, राहू दे तुझ्या लॉकरमध्ये. फोटो त्यांनी शर्टाच्या आत ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तीन दाबाची घड्याळं दुरुस्त केली.

घरी शशिकलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी घेतला. डोळे कुठायत, असं त्यांनी विचारलं नाही. त्या नुसत्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्या खाली बसल्या.

वझे उभेच होते. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. “तुझं बटण चुकलं नव्हतं,” ते म्हणाले. “रवीनंही काही केलं नव्हतं. आत माझी अक्षत होती.”

शशिकलाबाईंनी वर पाहिलं. त्या रडतील, बोलतील, काहीतरी करतील, असं वझ्यांना वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “हे त्याला सांगायला हवं. मला सांगून काय उपयोग?”

वझे फोटो घेऊन खिडकीशी गेले. भिंग काढलं आणि गेजची तबकडी बघतात तसा त्यांनी तो मुलगा बघितला. दोन वर्षं तो समोर होता तेव्हा बघितला नव्हता. पानं धरलेल्या हाताच्या अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं. हे कधी झालं, असं त्यांनी विचारलं.

उन्हाळ्यात, शशिकलाबाई म्हणाल्या. कूलरचा पंप बसवताना हातोडी लागली होती.

“पंप तर मिस्त्रीनं बसवला.”

“मिस्त्री आलाच नव्हता. रवीनं बसवला. तुम्हाला सांगू नकोस म्हणाला, सांगितलंस तर बाबा पुन्हा खोलून बघतील म्हणाला.”

सबंध उन्हाळा वझे त्या कूलरसमोर झोपले होते. पाच महिन्यांत त्या पंपानं एकदाही कुरकुर केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि दोघंही ठाण्यात गेले. मुन्शीनं चष्मा लावला, फोटो पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, की यात चेहरा कुठं आहे? वझ्यांनी काय झालं ते सांगितलं. मुन्शी वाईट माणूस नव्हता. हा फोटो पाठवून उपयोग नाही, तो म्हणाला, डोळ्यांशिवाय माणूस ओळखता येत नाही. जुनाच फोटो पाठवतो आणि खाली वर्णन नीट लिहितो. फोटो त्यानं शशिकलाबाईंच्या हातात परत दिला. त्यांनी तो पदराखाली घेतला.

मग वझे वर्णन सांगू लागले. सांगायची त्यांची पद्धत कारखान्यातल्या तपासणी-पत्रकासारखी होती, एकेक बाब, सावकाश. उंची पाच फूट सात इंच. दाढी, हनुवटीखाली विरळ. गळ्याची हाडं वर आलेली. पांढरा शर्ट, वरून तिसरं बटण नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख अर्धं काळं. मुन्शी लिहीत होता. इतकं बारीक कुणी सांगत नाही, असं तो एकदा म्हणाला सुद्धा. बऱ्याच बापांना मुलाच्या शर्टाचा रंगही सांगता येत नाही, म्हणाला.

वझ्यांनी कागदावर बोट ठेवलं. “ये कारणवाला ख़ाना बदलना है. अज्ञात नहीं है.”

मुन्शीनं चष्म्यावरून पाहिलं. आता कारण बदलून काय होणार, त्यानं विचारलं. तपासाला त्याचा उपयोग नाही, मुलगा काही हा कागद वाचणार नाही, आणि इथं येणारे सगळे नापास झाला किंवा मुलीचं प्रकरण असं लिहून जातात, तेवढं पुरतं. वझे ऐकून घेत राहिले. शशिकलाबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला, पण थांबा असं त्या म्हणाल्या नाहीत.

“लिखिए,” वझे म्हणाले. “बाप ने झूठा इल्ज़ाम लगाया. ग़लती बाप की थी.”

मुन्शीनं ‘अज्ञात’वर रेघ मारली आणि सांगितलं तसं वर लिहिलं. वझ्यांनी कागद आपल्याकडे वळवून ते वाचलं, खोडलेल्या जागी सही केली आणि कागद परत दिला. आणखी काही ओळख असेल तर सांगा, मुन्शी म्हणाला. जन्मखूण, जखम, बोलण्यातली लकब, काहीही. वझ्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांनी पदराखालून फोटो काढून पुढं धरला. वझ्यांनी तो पुन्हा एकदा नीट बघितला.

“हँसते वक़्त ऊपर का होंठ बाईं तरफ़ ज़रा ज़्यादा उठता है.”

मुन्शीची लेखणी थांबली. त्यानं आवाज खाली आणला.

“बाबूजी, घर छोड़ के गया हुआ लड़का है. वो हँसेगा थोड़े ही.”

पंखा फिरत होता. मागच्या बाकावर कुणीतरी आपला नंबर कधी येणार म्हणून विचारत होतं. वझ्यांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले होते आणि ते तसेच उभे होते.

“लिख लीजिए,” ते म्हणाले.

रकान्यात जागा उरली नव्हती. मुन्शीनं कागद आडवा केला आणि समासात लिहिलं.